गुडघे बदलले, पण दुसऱ्या रात्री श्वास का अडला?



पूर्वी पौर्णिमेला विहारात वंदनेसाठी सगळ्या उपासिका सतरंजीवर मांडी घालून बसत. आता भिंतीकडेच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग दरवर्षी लांबत चालली आहे. ज्या बायांनी आयुष्यभर डोक्यावर पाट्या वाहिल्या, रस्ते झाडले, पाण्याच्या कळशा घेऊन चाळीचे चार-चार जिने चढले, त्यांचे गुडघे आता बोलू लागले आहेत. त्यामुळे घरोघरी एक नवा विषय निघतो, तो म्हणजे गुडघे बदलण्याचे ऑपरेशन.

या ऑपरेशनने असंख्य माणसे पुन्हा चालती झाली आहेत, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. हा लेख कोणाला घाबरवण्यासाठी नाही. परंतु या ऑपरेशननंतर क्वचित उद्भवणारा एक धोका आहे. त्याचे नावही आम्ही कधी ऐकले नव्हते, आणि तो आमच्याच घरात घडला. वेळेवर ध्यानात आला म्हणून आमची आई आज आमच्यात आहे. त्या धोक्याला डॉक्टर फॅट एम्बोलिझम म्हणतात. साध्या मराठीत सांगायचे तर हाडातली चरबी रक्तात शिरून फुप्फुसात आणि मेंदूत अडकणे.

दुसऱ्या रात्रीची गोष्ट

आईने १९७२ च्या दुष्काळात, पंधरा वर्षांची असताना, दुष्काळी कामावर खडी फोडली. पुढे लग्न होऊन ती शहरात आली आणि तीस वर्षे नगरपालिकेच्या सफाई खात्यात झाडू मारला. त्या पगारावर आम्ही भावंडे शिकलो. निवृत्तीनंतर तिचे दोन्ही गुडघे झिजून पाय धनुष्यासारखे बाहेर वळले. जिना उतरता येईना, संडासला बसता येईना. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहणे हा तिचा वर्षाचा नेम, तोही सुटला. "मला परत रांगेत उभं राहायचंय," एवढेच ती म्हणायची.

२०२३ साली ऑपरेशन ठरले. दोन्ही गुडघे एकाच दिवशी. एकदाच भूल, एकदाच दवाखान्याचा मुक्काम, एकदाच रजा, असा आमचा हिशेब. डॉक्टरांनी रक्तदाब, साखर, हृदय तपासून होकार दिला. ऑपरेशन सकाळी झाले. संध्याकाळी आई बोलत होती, चहा मागत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला वॉकर धरून उभे केले. आम्ही नातेवाइकांना फोन करून 'सगळे व्यवस्थित झाले' असे कळवूनही टाकले.

त्याच दिवशी संध्याकाळपासून ती अस्वस्थ झाली. रात्री दहाच्या सुमारास वहिनीला म्हणाली, "माझं पांढरं लुगडं काढून ठेव, गाडी चुकंल." आम्हाला वाटले, भुलीचा अंमल असेल. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची नातेवाईक बाई म्हणाली, "बाहेरचं काही लागलं असंल, अंगारा लावा." वॉर्डातला मदतनीस म्हणाला, "म्हातारी माणसं बरळतातच. सकाळपर्यंत ठीक होतील."

पण आमची वहिनी अंगणवाडी सेविका. तिने घड्याळ लावून आईचा श्वास मोजला. मिनिटाला तीसच्या वर भरला. आणि आईने तिला तिच्या नावाने हाक मारली नाही, स्वतःच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने मारली. वहिनी सरळ नर्सच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "सिस्टर, माझ्या सासूबाईंना धाप लागलीय आणि त्या माणूस ओळखत नाहीत. बोटाचं मशीन लावून बघा." लावले, तर प्राणवायूचा आकडा ८४. निरोगी माणसाचा तो सहसा ९५ च्या वर असतो.

पंधरा मिनिटांत आई अतिदक्षता विभागात होती. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या छातीवर आणि काखेजवळ बॅटरीचा उजेड टाकला. डास चावल्यासारखे बारीक लाल ठिपके होते. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तिथेही होते. आम्हाला बाहेर बोलावून ते म्हणाले, "हाडातली चरबी रक्तात गेल्यासारखी दिसते. पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे आहेत."

चार दिवस आई यंत्राच्या प्राणवायूवर होती. पाचव्या दिवशी तिने वहिनीला तिच्या नावाने हाक मारली. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसून आम्ही जे प्रश्न विचारत राहिलो आणि नंतर डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

हाडातली चरबी रक्तात कशी जाते?

मटणाच्या रश्श्यातली नळी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. ती आपटली की आतून मऊ, तुपकट गर बाहेर पडतो. माणसाच्या मांडीचे आणि नडगीचे हाडही असेच नळीसारखे पोकळ असते. लहान मुलांच्या नळीत रक्त तयार करणारा लाल गर जास्त असतो. वय वाढते तशी त्याची जागा पिवळा, चरबीचा गर घेतो. म्हणूनच हा आजार लहान मुलांत कमी आणि मोठ्यांत जास्त दिसतो.

गुडघा बदलताना मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक कापून त्यावर धातूच्या टोप्या बसवतात. मधे प्लॅस्टिकची चकती असते. कापलेला भाग पायाच्या रेषेत सरळ यावा लागतो. त्यासाठी बहुतेक वेळा मांडीच्या हाडाला खालून भोक पाडून त्याच्या पोकळीत एक लांब सळई घालतात आणि तिच्या आधाराने माप घेतात. इथेच सारी मेख आहे. सायकलच्या पंपात दट्ट्या दाबला की हवा नळीतून जोराने बाहेर पडते. तशीच सळई आत शिरताना गरावर दाब येतो. हाडाच्या आतल्या बारीक शिरा हाडालाच चिकटलेल्या असल्याने मिटत नाहीत, उघड्याच राहतात. दाबलेली चरबी थेंबाथेंबाने त्या शिरांत शिरते. टोप्या बसवताना हाडाचे सिमेंट दाबून भरतात, तेव्हाही असाच दाब येतो.

रक्तस्राव होऊ नये म्हणून ऑपरेशनच्या वेळी मांडीला फुगवायचा पट्टा बांधतात. तो सोडला की पायात साचलेले थेंब रक्ताबरोबर हृदयाकडे आणि तिथून फुप्फुसाकडे धावतात. फुप्फुस म्हणजे शरीराची चाळणी. थेंब तिथल्या केसापेक्षाही बारीक वाहिन्यांत अडकतात. काही त्यातून निसटून पुढे मेंदूत आणि कातडीत जातात. शिवाय साधारण चारांपैकी एका माणसाच्या हृदयात, गर्भात असतानाची एक झडप पूर्ण मिटलेली नसते. एरवी तिचा काही त्रास नसतो, पण अशा वेळी चरबीला मेंदूकडे जाण्याची ती आडवाट ठरू शकते.

मग त्रास लगेच का होत नाही? चरबी नुसती अडकत नाही, तर तिचे विघटन होऊन त्यातून फुप्फुसाच्या नाजूक अस्तराला जाळणारी आम्ले तयार होतात, असे डॉक्टर मानतात. त्या जळण्याने सूज येते, फुप्फुसात पाणी भरू लागते आणि प्राणवायू रक्तात उतरेनासा होतो. याला वेळ लागतो. म्हणून ऑपरेशनच्या दिवशी हसत-बोलत असलेला रुग्ण दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ढासळतो.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. ऑपरेशन चालू असताना हृदयाची सोनोग्राफी करून पाहिले, तर थोडेफार कण बहुतेकांच्या रक्तात जाताना दिसतात. बहुतेकांचे शरीर ते पचवते आणि काहीही त्रास होत नाही. प्रत्यक्ष आजार होणारे रुग्ण शंभरात एकाहूनही कमी असतात. पण ज्याच्या घरात तो एक निघतो, त्याला टक्केवारीचा काय उपयोग?

पहिली ओळख एका कामगाराच्या मरणातून

या आजाराचा इतिहास आम्ही विचारला, तेव्हा जे कळले ते आपल्यासारख्या कष्टकऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत झेंकर नावाच्या डॉक्टरने चेंगरून मेलेल्या एका रेल्वे कामगाराचे शवविच्छेदन केले. त्याच्या फुप्फुसात त्यांना चरबीचे थेंब सापडले. पुढे १८७३ साली बर्गमान यांनी छतावरून पडून मांडीचे हाड मोडलेल्या माणसात हा आजार तो जिवंत असताना ओळखला. गुडघे बदलण्याचे आजच्यासारखे ऑपरेशन त्यानंतर शंभर वर्षांनी, १९७० च्या दशकात रुळले. म्हणजे हा आजार मूळचा ऑपरेशनचा नव्हे, तो मोडलेल्या हाडाचा आहे. आजही तो सर्वांत जास्त दिसतो तो मांडीचे किंवा नडगीचे हाड मोडलेल्या तरुणांत. त्याविषयी पुढे सांगतो.

तीन खुणा ध्यानात ठेवा

१९७० साली गर्ड या डॉक्टरने या आजाराची लक्षणे पद्धतशीर मांडली. त्यांपैकी तीन मुख्य खुणा घरच्या माणसालाही ओळखता येतात.

पहिली खूण श्वासाची. रुग्णाला धाप लागते, श्वास उथळ आणि जलद होतो, नाडी धावते. कधी ओठ, नखे निळसर दिसतात. ही बहुधा सर्वांत आधी येते.

दुसरी खूण भानाची. रुग्ण अस्वस्थ होतो, असंबद्ध बोलतो, माणसे ओळखत नाही. किंवा उलट, फार झोपाळू होतो आणि हाक मारली तरी नीट जागा होत नाही.

तिसरी खूण कातडीची. मानेवर, छातीच्या वरच्या भागावर, काखेत आणि डोळ्याच्या पापणीच्या आत बारीक लाल ठिपके उठतात. ते सर्वांनाच उठत नाहीत आणि उठले तरी एक-दोन दिवसांत मावळतात. सावळ्या कातडीवर ते चटकन दिसतही नाहीत. म्हणून मुद्दाम उजेडात पाहावे लागतात. ठिपके नाहीत म्हणजे आजार नाही, असे समजू नये.

या खुणा बहुधा ऑपरेशननंतर एक ते तीन दिवसांत दिसतात. पहिले बहात्तर तास डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे ते याचसाठी. हल्ली रुग्णाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच घरी सोडतात. तेव्हा हे तास घरीही येऊ शकतात. घरी असे काही दिसले तर सकाळची वाट न पाहता त्याच रुग्णालयात न्यावे किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

म्हातारे माणूस ऑपरेशननंतर इतर कारणांनीही बरळते. रक्तातले मीठ कमी होणे, साखर उतरणे, वेदनाशामक औषधाचा अंमल, लघवी तुंबणे, जंतुसंसर्ग ही त्यातली काही. पण यातले कोणतेही कारण 'सकाळपर्यंत बघू' म्हणण्यासारखे नाही. आणि अंगारा लावण्यासारखे तर मुळीच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण ज्या गोष्टी सोडल्या, त्या दवाखान्याच्या मागच्या दाराने परत घरात येऊ देऊ नयेत. त्या रात्री आमच्या घरातले एक माणूस अंगाऱ्याच्या शोधात गेले असते आणि दुसरे सकाळची वाट बघत बसले असते, तर हा लेख आम्ही वेगळ्या कारणाने लिहिला असता.

गुठळी वेगळी, चरबी वेगळी

पुष्कळ लोक या दोहोंत गल्लत करतात. आम्हीही केली. "रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू होतं, मग हे कसं झालं?" असे आम्ही डॉक्टरांना विचारले.

ऑपरेशननंतर पाय हालत नाही तेव्हा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जीव धोक्यात येतो. हे बहुधा काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही घडते. पोटरी सुजते, दुखते, एकाएकी धाप लागते, छातीत कळ येते. हे टाळण्यासाठी रक्त पातळ करण्याची औषधे, घट्ट मोजे आणि लवकर चालणे हे उपाय असतात, आणि ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत बंद करू नयेत. पायाला तेल लावून जोरात रगडणे मात्र टाळावे.

चरबीचा प्रकार निराळा आहे. ती ऑपरेशनच्या वेळीच रक्तात जाते आणि रक्त पातळ करण्याच्या औषधाने अडत नाही. दोन्हींत धाप लागतेच. म्हणून नेमके काय आहे ते शोधण्यासाठी डॉक्टर छातीचा फोटो, रक्तातल्या वायूंची तपासणी, छातीचे सीटी स्कॅन आणि गरज पडल्यास मेंदूचे एमआरआय करतात. तिथे वेळ घालवू नये आणि तपासणीला घाबरूही नये.

यावर औषध काय?

खरे सांगायचे तर चरबी विरघळवणारे हमखास औषध आजही नाही. एकेकाळी सलाईनमधून दारूसुद्धा देऊन पाहिली गेली, हेपारिन दिले गेले, स्टेरॉइड दिले गेले. यांपैकी कशानेही खात्रीचा गुण येतो असे सिद्ध झालेले नाही. उपचार म्हणजे आधार देणे. प्राणवायू द्यायचा, लागला तर व्हेंटिलेटर लावायचा, रक्तदाब आणि शरीरातले पाणी सांभाळायचे आणि फुप्फुसाला बरे व्हायला वेळ द्यायचा. असा आधार वेळेवर मिळाला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात, अगदी ज्यांचे भान गेले होते तेही. म्हणून औषध शोधत फिरण्यापेक्षा लवकर ओळखणे हाच यावरचा मोठा इलाज आहे.

टाळण्यासाठी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या हातात बरेच असते. हाडाचे भोक सळईपेक्षा थोडे मोठे पाडणे, म्हणजे गराला बाहेर यायला वाट मिळते. सळई घालण्यापूर्वी पोकळी धुऊन आतला गर ओढून घेणे. खाचा असलेली किंवा पोकळ सळई वापरणे आणि ती हळूहळू आत सरकवणे. कॉम्प्युटरच्या किंवा रोबोटच्या मदतीने माप घेतले तर मांडीच्या हाडात लांब सळई घालावी लागत नाही. पण म्हणून रोबोटसाठी व्याजाने पैसे काढावेत असे आम्ही म्हणणार नाही. वर सांगितलेली काळजी साध्या पद्धतीतही घेता येते. ती घेणार का, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

दोन्ही गुडघे एकदम की एकेक?

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलले तर दोन्ही हाडांतली चरबी एकाच दिवशी रक्तात येते. साहजिकच हा धोका एका गुडघ्यापेक्षा वाढतो. तरुण वयाच्या, हृदय-फुप्फुस धड असलेल्या माणसाला ते झेपू शकते आणि त्यात एकदाच भूल, एकदाच व्यायाम असे फायदेही आहेत. पण वय जास्त असेल, दमा असेल, हृदयाचा आजार असेल, तर दोन ऑपरेशनांत अंतर ठेवण्याचा विचार डॉक्टरांशी बोलून करावा.

माजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये बदलला आणि उजवा जून २००१ मध्ये. मधे आठ महिने गेले. ऑपरेशन केले ते डॉ. चित्तरंजन राणावत यांनी. १९७० च्या दशकात आजच्या कृत्रिम गुडघ्याची घडण ज्यांनी केली, त्या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांमध्ये ते होते. देशाच्या पंतप्रधानांचे गुडघे एकेक करून बदलले जातात, तेव्हा आपल्या आईसाठी 'एकदाच उरकून टाका' म्हणण्याआधी आपणही थांबून विचार करावा. हा हिशेब आम्ही केला तो रजेचा आणि पैशांचा. आईच्या फुप्फुसाचा हिशेब आम्ही केलाच नाही.

सही करण्यापूर्वी

आमची सर्वांत मोठी चूक पुढे सांगतो. संमतिपत्र चार पानांचे होते, इंग्रजीत. आम्ही पदवीधर. तरी न वाचता सही केली. घरी आल्यावर कागद लावताना तिसऱ्या पानावर तेच दोन शब्द छापलेले दिसले, फॅट एम्बोलिझम. आमच्या आज्याचा अंगठा सावकाराने कोऱ्या कागदावर घेतला, कारण त्याला वाचता येत नव्हते. आम्हाला बाबासाहेबांच्या पुण्याईने वाचता येत होते, आणि आम्ही वाचले नाही. मग आमच्या सहीत आणि आज्याच्या अंगठ्यात फरक तो काय राहिला?

संमती म्हणजे नुसती सही नव्हे. २००८ साली समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. उपचार कशासाठी, त्यात धोके कोणते, दुसरा मार्ग कोणता, हे रुग्णाला समजेल असे सांगून मगच संमती घेतली पाहिजे. म्हणून मराठीत समजावून सांगा असे म्हणण्यात संकोच नको. भगवान बुद्धांनी कालामांना जे सांगितले, त्याचा अर्थ हाच की कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, तपासून पाहा. मग डॉक्टरसाहेबांना चार प्रश्न विचारण्यात अपमान कसला? चांगले डॉक्टर प्रश्नांनी रागावत नाहीत.

ऑपरेशनपूर्वी हे विचारावे:

१. व्यायाम, वजन कमी करणे, औषधे यांनी अजून काही काळ निभेल का, की ऑपरेशनच हवे?

२. एक गुडघा की दोन्ही? आमच्या रुग्णाच्या हृदय-फुप्फुसाकडे पाहता कोणते बरे?

३. चरबी रक्तात जाऊ नये म्हणून ऑपरेशनमध्ये कोणती काळजी घेणार?

४. पहिले तीन दिवस प्राणवायूचा आकडा किती वेळा पाहिला जाईल? रात्री कोण पाहील?

५. या रुग्णालयात अतिदक्षता विभाग आणि व्हेंटिलेटर आहे का? नसेल तर रुग्णाला कुठे हलवणार?

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. स्वस्तात ऑपरेशन होते म्हणून अतिदक्षता विभाग नसलेल्या ठिकाणी जाऊ नये.

खर्चाचेही थोडे सांगतो. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती ठरवल्या. सर्वसाधारण वापरातल्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची सरासरी छापील किंमत त्याआधी दीड लाखाच्या पुढे होती, ती कर सोडून ५४,७२० रुपयांवर आली. बिल घेताना सांध्याची किंमत वेगळी लिहून मागावी आणि त्या वेळची कमाल किंमत विचारून घ्यावी. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाच्या राज्याच्या जनआरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे. ज्यांचा कामगार विमा आहे त्यांनी त्या दवाखान्यात आधी चौकशी करावी. इथे वाचलेले पैसे अडीअडचणीला हाताशी असू द्यावेत.

तरुण मुलांच्या घरी हे वाचून दाखवा

आपली मुले परातीवर काम करतात, रात्री मोटारसायकलवर माल पोचवतात. मांडीचे किंवा नडगीचे हाड मोडले की चरबी रक्तात जाण्याचा धोका गुडघ्याच्या ऑपरेशनपेक्षाही जास्त असतो. अशा वेळी जखमीला ओढाताण करून उचलू नये. पाय आहे तसा फळीला किंवा दुसऱ्या पायाला बांधून स्थिर करावा आणि रुग्णालयात न्यावा. मोडलेले हाड जितके हलते तितकी चरबी सुटते. हाड बसवणाऱ्याकडे किंवा मालिशवाल्याकडे नेऊन दोन दिवस घालवणे म्हणजे जिवाशी खेळ. हाड लवकर स्थिर केले तर हा धोका घटतो. आणि 'पाय मोडलाय, पण पोरगा बोलतोय' म्हणून निश्चिंत होऊ नये. त्याचेही पहिले तीन दिवस मोजावेत.

सेवा म्हणजे लक्ष

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी, आपल्याच घाणीत पडलेला. त्याच्याकडे कोणी बघत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग भिक्खूंना समजावले की तुमचे आईबाप इथे नाहीत, तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली पाहिजे. आपल्या समाजात आजाऱ्याला पाहायला माणसे खूप जातात, ही चांगली गोष्ट आहे. पण वीस माणसांनी नारळपाणी घेऊन दुपारी येण्यापेक्षा एका माणसाने रात्री जागे राहून श्वास मोजणे ही मोठी सेवा आहे. आपल्या महिला मंडळांनी रात्रीची पाळी वाटून घेतली तर किती घरांना आधार होईल!

रात्री जागणाऱ्याने एवढेच करावे. दर दोन तासांनी रुग्णाला नाव, गाव विचारावे. छाती वर-खाली होताना पाहून मिनिटभर श्वास मोजावा. पंचविसाच्या वर गेला, आकडा ९२ च्या खाली आला किंवा रुग्ण भलतेच बोलू लागला, तर नर्सला उठवावे. पहिल्यांदा ऐकले नाही तर दुसऱ्यांदा सांगावे, मग डॉक्टरांना बोलावून घ्यायला लावावे. ग्लानीतल्या रुग्णाच्या तोंडात पाणी घालू नये आणि तोंडावरचा प्राणवायूचा मास्क काढू नये.

आमच्या आईला पूर्ण भानावर यायला दोन आठवडे लागले. कधी कधी शब्द आठवत नसत, तेही हळूहळू आले. त्या वर्षीचा सहा डिसेंबर घरीच गेला. पुढच्या वर्षी, २०२४ साली, ती वहिनीचा हात धरून दादरला गेली. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली आहे, म्हणून विहारात आता तीही भिंतीकडेच्या खुर्चीवरच बसते. वंदना संपली की शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला विचारते, "तुझ्या ऑपरेशनला रात्री कोण थांबणार हाय गं?"

हाच प्रश्न प्रत्येक घराने आपापल्या माणसांना विचारावा, एवढ्यासाठी हा लेख.

जयभीम.